ग्रहगोलांचे दिवस आणि ग्रहगोलांची वर्षे

साडेसाती या शब्दाभोवतीचे भीतीचे वलय बाजूला ठेवले, तर त्याच्या मुळाशी एक साधे खगोलीय गणित उरते. शनीला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करण्यास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. राशी बारा, तेव्हा एका राशीतील त्याचा मुक्काम साधारण अडीच वर्षांचा आणि लागोपाठच्या तीन राशींचा मिळून साडेसात वर्षांचा. दुर्बिणीचा शोध लागण्याच्या कितीतरी शतके आधीपासून हा आकडा ठाऊक होता. मात्र हाच शनी स्वतःभोवती एक गिरकी किती वेळात घेतो, म्हणजे शनीवरचा दिवस नेमका किती तासांचा, या प्रश्नाचे भरवशाचे उत्तर हाती येण्यासाठी २०१९ साल उजाडावे लागले.

एकाच ग्रहाच्या दोन गती, आणि त्यांच्या ज्ञानात एवढे अंतर. ग्रहगोलांच्या कालमापनाचा सारा इतिहास या विसंगतीत सामावलेला आहे. सूर्याभोवती फिरणे ते परिभ्रमण आणि स्वतःच्या अक्षाभोवती फिरणे ते परिवलन, हे शाळेत सगळेच शिकतात. परिभ्रमणाचा काळ नुसत्या डोळ्यांनी आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या चिकाटीने मोजता येतो. परिवलन मोजायचे तर त्या गोलाचा पृष्ठभाग दिसावा लागतो, त्यावर एखादी ठळक खूण असावी लागते आणि ती खूण जागची हलता कामा नये. या तिन्ही अटी पूर्ण करणारे ग्रह सूर्यमालेत फार थोडे आहेत.

चार मिनिटांचा फरक

पृथ्वीपासूनच सुरुवात करावी. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी चोवीस तासांत पूर्ण करते हे विधान सर्वत्र आढळते. पण ते काटेकोर नाही. दूरच्या ताऱ्यांच्या संदर्भात पाहिले तर पृथ्वीचे एक परिवलन २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत होते. याला नाक्षत्र दिन म्हणतात. तेवढ्या वेळात पृथ्वी आपल्या कक्षेत सुमारे एक अंश पुढे सरकलेली असते. त्यामुळे सूर्य पुन्हा माथ्यावर यायचा तर तिला आणखी थोडे वळावे लागते, आणि त्यासाठी जवळजवळ चार मिनिटे खर्च होतात. माणसाचा दिवस सूर्याने बांधलेला असल्याने त्याचे घड्याळ चोवीस तासांचे झाले.

ही चार मिनिटे आकाशात सहज दिसतात. कोणताही तारा रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतो. महिन्याभरात हा फरक दोन तासांचा होतो. डिसेंबरच्या मध्यास संध्याकाळी सातच्या सुमारास पूर्व क्षितिजावर दिसणारे मृग नक्षत्र फेब्रुवारीअखेर त्याच वेळी माथ्याच्या किंचित दक्षिणेला पोहोचलेले असते. वर्षाभरात चार-चार मिनिटे साठून पूर्ण एक दिवस होतो. म्हणून एका वर्षात दिवस सुमारे ३६५ असले तरी पृथ्वीची परिवलने सुमारे ३६६ होतात.

हे भान आर्यभटाला होते, याचा पुरावा त्याच्याच आकड्यांत आहे. इसवी सन ४९९ च्या सुमाराच्या ‘आर्यभटीय’ या ग्रंथात त्याने ४३,२०,००० वर्षांच्या महायुगात पृथ्वी १,५८,२२,३७,५०० वेळा स्वतःभोवती फिरते असे दिले आहे. त्यातून सूर्याच्या ४३,२०,००० फेऱ्या वजा केल्या की महायुगातील दिवसांची संख्या मिळते. दोन्हींचा भागाकार केला तर नाक्षत्र दिन २३ तास ५६ मिनिटे ४.१ सेकंदांचा येतो. आजच्या मूल्याशी तो सेकंदाच्या दशांश भागापर्यंत जुळतो. महायुगातील ग्रहांच्या फेऱ्यांना, म्हणजे भगणांना, त्याने दिलेले आकडेही असेच बोलके आहेत. गुरूचे ३,६४,२२४ भगण म्हणजे एका फेरीला ११.८६ वर्षे, शनीचे १,४६,५६४ म्हणजे २९.४८ वर्षे, तर चंद्राची एक फेरी २७.३२१७ दिवसांची. शनीच्या बाबतीत आधुनिक आकडा २९.४६ वर्षे आहे.

नावेतून जाणाऱ्या माणसाला काठावरची स्थिर झाडे जशी मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे त्याने समजावून सांगितले होते. मात्र पुढच्यांना ते रुचले नाही. पृथ्वी फिरत असती तर आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्याकडे परतूच शकले नसते, असा आक्षेप वराहमिहिराने घेतला, आणि ब्रह्मगुप्तानेही आर्यभटाचे खंडन केले. आकडे स्वीकारले गेले, त्यामागची कल्पना मात्र बाजूला पडली.

संक्रांत का सरकते?

‘कशाच्या संदर्भात?’ हा प्रश्न वर्षालाही लागू आहे. सूर्य एका ताऱ्यापासून निघून पुन्हा त्याच ताऱ्यापाशी येईपर्यंत ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटे १० सेकंद जातात. हे नाक्षत्र वर्ष. वसंतसंपातापासून पुन्हा वसंतसंपातापर्यंत मात्र ३६५ दिवस ५ तास ४८ मिनिटे ४५ सेकंदच लागतात. हे सांपातिक वर्ष. ऋतू या दुसऱ्या वर्षाने चालतात. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याच्या दांड्यासारखा अतिशय सावकाश, सुमारे २६ हजार वर्षांत एकदा, घिरटी घेत असल्याने संपातबिंदू मागे सरकतो आणि दोन्ही वर्षांत वीस मिनिटांचा फरक पडतो.

वीस मिनिटे म्हणजे क्षुल्लक वाटावीत. पण सत्तर-एकाहत्तर वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. इंग्रजी दिनदर्शिका सांपातिक वर्षाला बांधलेली, तर आपली पंचांगे बहुतांशी निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या वर्षाला धरून चालणारी. म्हणून मकरसंक्रांत इंग्रजी तारखेत हळूहळू पुढे जाते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीच्या दिवशी झाला, आणि ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. आज संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. पानिपतचे तिसरे युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजी झाले, म्हणून ते संक्रांतीच्या दिवशी झाले, ही समजूत महाराष्ट्रात घट्ट रुजलेली आहे. आजच्या संक्रांतीची तारीख अडीचशे वर्षे मागे चिकटवल्याचा हा परिणाम. गणित मागे नेले तर १७६१ मधील संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. ‘संक्रांत कोसळली’ हा वाक्प्रचार त्या रणाला कितीही शोभत असला, तरी सण चार दिवस आधीच होऊन गेला होता.

चंद्राचेही असेच दोन महिने आहेत. ताऱ्यांच्या संदर्भात त्याची फेरी २७.३२ दिवसांत होते. पण अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात, कारण मधल्या काळात सूर्यही पुढे सरकलेला असतो. असे बारा महिने मिळून ३५४ दिवस भरतात आणि सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवस कमी पडतात. ही तूट साधारण साडेबत्तीस महिन्यांत एक महिन्याएवढी होते आणि धोंड्याचा महिना येतो. १९ सौर वर्षे आणि २३५ चांद्रमास यांत जेमतेम दोन तासांचा फरक असल्याने अधिक मासही बहुधा एकोणीस वर्षांनी त्याच जागी परततो. २००४ मध्ये १८ जुलैला अधिक श्रावण सुरू झाला होता; २०२३ मध्येही अधिक श्रावणाचा आरंभ १८ जुलैलाच झाला.

गुरूची बारा वर्षे

गुरूच्या परिभ्रमणाचा संबंध तर थेट नाशिकच्या रामकुंडाशी आहे. गुरू सिंह राशीत आला की तेथे सिंहस्थ भरतो. कन्या राशीत गेला की कृष्णाकाठी कन्यागताचे पर्व येते. लोकव्यवहारात हे ‘बारा वर्षांनी’ म्हटले जाते. परंतु गुरूची फेरी बारा वर्षांची नसून ११.८६ वर्षांची आहे. दर फेरीला सुमारे पावणेदोन महिन्यांचा हिशेब उरतो आणि सुमारे पंच्याऐंशी वर्षांत तो एका वर्षाएवढा होतो. हरिद्वारचा कुंभमेळा २०१० नंतर २०२२ ऐवजी २०२१ मध्येच, अकरा वर्षांनी भरला, तो याच कारणाने. साठ संवत्सरांचे चक्रही मूळचे गुरूच्या गतीवर आधारलेले. उत्तर भारतात ती गती सांभाळण्यासाठी अधूनमधून एका संवत्सराचा लोप करतात. महाराष्ट्रात आणि दक्षिणेत तसे करीत नाहीत. म्हणूनच एकाच वर्षाला दोन्हीकडे वेगवेगळी नावे असतात.

परिभ्रमणाच्या काळात जी शिस्त आहे, तिचे सूत्र योहान्स केप्लरला १६१८ मध्ये सापडले. ग्रहाच्या काळाचा वर्ग हा त्याच्या सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. शनी पृथ्वीच्या साडेनऊ पट अंतरावर आहे. साडेनऊच्या घनाचे वर्गमूळ काढले की २९ च्या पुढचा आकडा मिळतो. अंतर कळले की काळ कळला. युरेनसचा शोध १७८१ मध्ये लागला. त्याचे वर्ष ८४ पृथ्वीवर्षांचे आहे हे कळायला कोणालाही ८४ वर्षे थांबावे लागले नाही. नेपच्यून १८४६ मध्ये सापडला आणि त्याने शोधानंतरची पहिली फेरी २०११ मध्ये पुरी केली. तिचा १६५ वर्षांचा काळ आधीच ठाऊक होता. प्लूटोची २४८ वर्षांची फेरी तर, १९३० पासून मोजल्यास, २१७८ मध्ये पूर्ण होईल.

परिवलनाला असा कोणताही नियम नाही. गोल कसा घडला, त्यावर कोणते आघात झाले, शेजारच्या गोलाने त्याला कसे ओढले, यावर त्याची गिरकी ठरते. ती सूत्रातून काढता येत नाही, मोजावीच लागते.

बुधाने दिलेला चकवा

मंगळ या बाबतीत सरळ निघाला. त्याच्यावरचे काळे डाग स्थिर आहेत. १६५९ मध्ये क्रिस्तियान हॉयगेन्सने त्यांतील एकाचे चित्र काढून मंगळाचा दिवस साधारण आपल्याएवढाच असल्याचे ताडले. १६६६ मध्ये जोव्हानी कासिनीने तो २४ तास ४० मिनिटांचा ठरविला. आज मंगळाचे परिवलन २४ तास ३७ मिनिटांचे आणि सौर दिन २४ तास ३९ मिनिटे ३५ सेकंदांचा मानला जातो. २००४ मध्ये ‘स्पिरिट’ आणि ‘ऑपॉर्च्युनिटी’ ही याने मंगळावर उतरली, तेव्हा पृथ्वीवरील त्यांचे चालक काही काळ मंगळाच्या घड्याळाने जगत होते. रोज कामावर येण्याची वेळ चाळीस मिनिटांनी पुढे ढकलायची, म्हणजे अडीच आठवड्यांत दिवसाची पाळी रात्रीची होणार! मंगळाचा चंद्र फोबॉस आणखी विक्षिप्त: तो अवघ्या ७ तास ३९ मिनिटांत मंगळाभोवती फिरतो, मंगळाच्या गिरकीपेक्षाही वेगाने. त्यामुळे तेथे तो पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो.

बुधाने मात्र खगोलशास्त्रज्ञांना पाऊणशे वर्षे फसविले. तो सूर्याच्या इतका जवळ असतो की त्याचे निरीक्षण संधिप्रकाशात किंवा भर दिवसा करावे लागते. इटलीच्या जोव्हानी स्कियापरेली याने अनेक वर्षे चिकाटीने त्याचे अस्पष्ट डाग टिपले आणि १८८९ मध्ये निष्कर्ष जाहीर केला की, बुध ८८ दिवसांत स्वतःभोवती फिरतो. सूर्याभोवतीची त्याची फेरीही ८८ दिवसांचीच. म्हणजे चंद्र जसा पृथ्वीला एकच तोंड दाखवितो, तसा बुध सूर्याला दाखवितो. हे उदाहरण इतके सुबक होते की त्यावर कोणी फारशी शंका घेतली नाही. एका बाजूला कायमचा दिवस, दुसरीकडे कायमची रात्र, असे वर्णन पाठ्यपुस्तकांत स्थिरावले.

१९६५ मध्ये पोर्तो रिकोतील अरेसिबो येथील ३०५ मीटर व्यासाच्या प्रचंड दुर्बिणीतून गॉर्डन पेटेनगिल आणि रॉल्फ डाइस यांनी बुधाकडे रडारच्या लहरी सोडल्या. फिरत्या गोलाची एक कड आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते. त्यामुळे परतलेल्या लहरींची वारंवारता थोडी पसरते. त्या पसरण्यावरून गिरकीचा वेग कळतो. उत्तर आले ५९ दिवस. इटालियन गणितज्ञ ज्युसेप्पे कोलंबो याने लगेच दाखवून दिले की ५८.६५ दिवस म्हणजे ८८ च्या बरोबर दोन तृतीयांश. बुध दोन फेऱ्यांत तीन गिरक्या घेतो.

मग स्कियापरेली चुकला कसा? त्याचे डोळे चुकले नव्हते. बुध पृथ्वीवरून नीट दिसण्याच्या चांगल्या संधी साधारण ३४८ दिवसांच्या अंतराने येतात. एवढ्या काळात बुधाच्या जवळजवळ सहा गिरक्या होतात, म्हणून दर वेळी तोच चेहरा समोर येतो. ८८ दिवसांच्या कल्पनेतही ४ फेऱ्यांनंतर तोच चेहरा दिसायला हवा होता. निरीक्षणे दोन्ही उत्तरांशी जुळत होती. त्यांतले अपेक्षेप्रमाणे असलेले उत्तर निवडले गेले, आणि पुढच्या निरीक्षकांनी तेच पाहिले. योगायोगाची गंमत अशी की १९७४-७५ मध्ये ‘मरिनर १०’ हे यान बुधाजवळून तीनदा गेले आणि त्यालाही तिन्ही वेळा एकच बाजू उजळलेली दिसली. यानाची कक्षा बुधाच्या बरोबर दोन वर्षांची होती.

ही दोन वर्षे म्हणजेच बुधाचा एक सौर दिन. सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत तेथे १७६ पृथ्वीदिवस जातात. बुधावर कोणी राहत असते, तर त्याचे दोन वाढदिवस एकाच दिवसात साजरे झाले असते. कक्षेतील उपसूर्य बिंदूपाशी बुधाचा परिभ्रमण वेग परिवलनावर मात करतो आणि आकाशात सूर्य थबकून काही दिवस मागे जातो.

शुक्र दाट ढगांत झाकलेला असल्याने तेथेही रडारच कामी आले. १९६२ मध्ये कळले की तो उलटा, पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरतो, आणि तेही २४३ दिवसांत एकदा. त्याचे वर्ष २२५ दिवसांचे. म्हणजे वर्ष संपले तरी गिरकी पुरी झालेली नसते. दोन्ही गती विरुद्ध असल्याने सूर्योदय ते सूर्योदय मात्र ११७ दिवसांचाच होतो, आणि तो सूर्य पश्चिमेला उगवतो. शुक्राच्या जड वातावरणाचा जमिनीला सतत धक्का लागत असल्याने त्याच्या गिरकीचा काळ काही मिनिटांनी कमी-जास्त होत राहतो, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रडार निरीक्षणांतून दिसले.

ज्यांना जमीनच नाही

गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून यांना खूण धरून ठेवणारा कठीण पृष्ठभाग नाही. दिसतात ते ढग, आणि ते आपापल्या वाऱ्यांबरोबर वाहत असतात. गुरूच्या विषुववृत्तावरचे ढग ९ तास ५० मिनिटांत फेरी मारतात, तर इतरत्र त्यांना पाच मिनिटे अधिक लागतात. यावर तोडगा म्हणून ग्रहाच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेतला गेला. हे क्षेत्र ग्रहाच्या अंतर्भागात उगम पावते आणि त्याच्याबरोबर फिरते. अक्षाशी ते तिरके असेल तर रेडिओ लहरींत ठरावीक ठेका ऐकू येतो. गुरूचा ९ तास ५५ मिनिटे ३० सेकंदांचा दिवस असा निश्चित झाला.

शनीशी हा उपाय चालला नाही. १९८०-८१ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांनी ऐकलेला ठेका १० तास ३९ मिनिटांचा होता. २००४ मध्ये ‘कासिनी’ यान पोहोचले तेव्हा तो १० तास ४५ मिनिटांवर गेला होता. पृथ्वीच्या ९५ पट वस्तुमानाचा ग्रह पंचवीस वर्षांत सहा मिनिटांनी मंदावणे अशक्य; म्हणजे ठेका ग्रहाचा नव्हताच. शनीचे चुंबकीय क्षेत्र त्याच्या अक्षाशी जवळजवळ तंतोतंत जुळलेले असल्याने त्यातून गिरकी ओळखताच येत नाही. अखेर उत्तर सापडले ते कड्यांमध्ये. शनीचा अंतर्भाग घंटेसारखा कंप पावतो, त्याचे गुरुत्वाकर्षण किंचित हलते आणि कड्यांतील कणांत लहरी उठतात. ‘कासिनी’ने टिपलेल्या या लहरी उलगडून २०१९ मध्ये संशोधकांनी शनीचा दिवस १० तास ३३ मिनिटे ३८ सेकंदांचा असल्याचे सांगितले, त्यात एक-दोन मिनिटांची अनिश्चितता आहे. यानाने तर सप्टेंबर २०१७ मध्येच शनीच्या वातावरणात उडी घेतली होती.

युरेनसच्या दिवसात १९८६ च्या मापनानंतर एकदम दुरुस्ती झाली ती २०२५ मध्ये. हबल दुर्बिणीतून दिसलेल्या त्याच्या ध्रुवीय प्रकाशावरून दिवस १७ तास १४ मिनिटे ५२ सेकंदांचा निघाला. पूर्वीच्या आकड्यापेक्षा २८ सेकंदांनी मोठा. एवढ्याशा चुकीनेही वर्षाला सुमारे चार तासांचा घोटाळा साठत होता, आणि युरेनसवरील रेखांश काही वर्षांतच निरर्थक ठरत होते.

मंदावणारी पृथ्वी

खुद्द पृथ्वीची गिरकीही स्थिर नाही. चंद्राच्या ओढीने समुद्राला भरती येते आणि त्या पाण्याचे घर्षण पृथ्वीला ब्रेक लावते. पृथ्वीच्या ओढीने चंद्राची गिरकी याच रीतीने फार पूर्वी त्याच्या फेरीशी जखडली गेली. म्हणून त्याची एकच बाजू आपल्याला दिसते. पृथ्वीने गमावलेली गती चंद्राच्या कक्षेकडे जाते आणि तो वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो. जुन्या ग्रहणांच्या नोंदी तपासल्या तर दिवस शतकाला सुमारे पावणेदोन मिलिसेकंदांनी लांबत असल्याचे दिसते. १९६३ मध्ये जॉन वेल्स या पुराजीवशास्त्रज्ञाने सुमारे ३७-३८ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांवरील रोजच्या वाढीच्या बारीक रेघा मोजल्या, तेव्हा एका वर्षात त्या ४०० च्या आसपास भरल्या. वर्ष तेवढेच होते. दिवस मात्र बावीस तासांचा होता.

अणुघड्याळांची वेळ आणि पृथ्वीची गिरकी यांचा मेळ राखण्यासाठी १९७२ पासून अधूनमधून एक जादा सेकंद घालण्याची प्रथा सुरू झाली. अधिक मासाचेच हे अतिसूक्ष्म रूप म्हणावे. २०१६ अखेरपर्यंत असे २७ सेकंद घातले गेले. शेवटचा भारतात १ जानेवारी २०१७ रोजी पहाटे ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर आला. संगणकांच्या जाळ्यांना हा आगंतुक सेकंद त्रासदायक ठरू लागल्याने २०३५ पर्यंत ही पद्धत बंद करण्याचा ठराव नोव्हेंबर २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय वजन-मापे परिषदेत संमत झाला. दरम्यान पृथ्वीने दुसराच रंग दाखविला. २०२० पासून तिची गिरकी किंचित वेगवान झाली. ५ जुलै २०२४ चा दिवस तर चोवीस तासांपेक्षा १.६६ मिलिसेकंदांनी लहान भरला, आणि आजवर कधीच न केलेली गोष्ट, म्हणजे घड्याळातून एक सेकंद वजा करण्याची शक्यता, तज्ज्ञांच्या चर्चेत आली.